गाभ्यातली खेळणी

३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहा. रक्तदाबाच्या गोळीबरोबर रोज एक पान. म्हटलं, डॉक्टर, मग एक वही पुरायची नाही. ते हसले नाहीत. तर ही वही फक्त रागाची. चांगलं काही घडलं तर ते इथे येणार नाही.

आजचा राग दादावर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सात वर्षांनी मोठा आणि आमच्या कंपनीतला भागीदार. कंपनी कसली, तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर आणि खिडकीतली एक मरायला टेकलेली कुंडी. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम बनवतो. शर्टाचे तुकडे, म्हणजे पाठ, बाह्या, कॉलर, खिसा, कापडावर कसे मांडले तर चिंध्या कमी पडतील ते तो काढून देतो. आमचे बाबा कटिंग मास्टर होते. ते हे सगळं हातात खडू घेऊन नुसत्या नजरेने करायचे. दादाने त्यांच्या मागे उभं राहून पाहिलं आणि बावीस वर्षांपूर्वी ते प्रोग्राममध्ये उतरवलं. त्या भागाला आम्ही गाभा म्हणतो. गाभा दादाचा. खिडक्या, बटणं, मेनू आणि गिऱ्हाइकांची बोलणी माझी. म्हणजे स्वयंपाक त्याचा आणि वाढपी मी.

सकाळी त्याने विचारलं, "शर्टवाल्यांना नवी आवृत्ती कधी द्यायचीय?" शर्टवाले म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मी सांगितलं, दहा एप्रिल. जेवणानंतर परत विचारलं. चार वाजता परत. मी म्हटलं, "दादा, माझ्यावर विश्वास नसेल तर सरळ सांग ना." तो म्हणाला, "नाही रे, असंच." मला कामाची आठवण करून द्यायची ही त्याची रीत. लहानपणी गृहपाठाबद्दल असंच तीनतीनदा विचारायचा. बावन्न वर्षांचा झालो तरी माझा गृहपाठ काही संपत नाही.

११ फेब्रुवारी

शर्टवाल्यांचा फोन. "साहेब, तुमचा प्रोग्राम म्हातारा झाला का हो? आधी शिंक येईपर्यंत मांडणी व्हायची. आता आमचे मास्तर चहा पिऊन येतात तरी ते चाक फिरतंच आहे."

घड्याळ लावून पाहिलं. पूर्वी चार सेकंदांत व्हायचं त्याला बावन्न सेकंद लागतात. दादाला विचारलं तर म्हणाला, "त्यांचं मशीन जुनं झालं असेल." मी आपल्याच मशीनवर मोजलंय, सांगितलं. "मग आपलं जुनं झालं असेल," म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. याला म्हणतात हात झटकणं.

१२ फेब्रुवारी

वहिनी हल्ली दादाला रोज ऑफिसात सोडायला येते आणि पाच वाजता न्यायला. जिन्यात हात धरून. साठीला टेकल्यावर हे प्रेम उफाळून आलंय. शिवाय तिने आमच्या कपांवर, ड्रॉवरवर, बाथरूमच्या दारावर सुद्धा चिठ्ठ्या चिकटवल्यात. मी म्हटलं, "वहिनी, माझ्या कपाळावरही एक चिकटव, 'दीर' म्हणून." ती हसली नाही. चिठ्ठीचा सुटलेला कोपरा बोटाने दाबत राहिली. या घरात आता विनोदही मीच करायचा आणि हसायचंही मीच.

१९ फेब्रुवारी

आज राग खरा आहे. नीट लिहितो.

आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. गाभ्यातला कुठलाही बदल फक्त दादाच्या मशीनवरून, दादाच्या नावाने जायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आठ वर्षांपूर्वी मी त्याला म्हटलं होतं की गाभ्याचा काही भाग स्क्रिप्टच्या भाषेत लिहू. ती भाषा सोपी असते, लिहिली की लगेच चालते, फक्त धावते संथ. आपल्या जुन्या भाषेत एक ओळ बदलली तरी सगळं कंपाइल व्हायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरायला, तेरा मिनिटं लागतात. दादा तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "स्क्रिप्ट म्हणजे खेळणी. मेनूत खेळ हवं तेवढं. गाभ्यात खेळणी चालायची नाहीत." तेव्हापासून मी गाभ्यात डोकावलोच नाही. तोही माझा हट्टच म्हणा.

आज डोकावलो. गाभ्याची अकरा कामं स्क्रिप्टमध्ये गेलेली! एकेका शर्टाच्या मांडणीत त्या स्क्रिप्ट हजारो वेळा चालतात, मग प्रोग्राम रांगेल नाहीतर काय. बदलांच्या नोंदी अर्थात दादाच्या नावाने, पण दोन वर्षांतल्या. दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाई आल्या. या बाई वीस वर्षं शाळेत गणित शिकवून मग प्रोग्रामिंग शिकल्या. दादानेच घेतलं त्यांना. दुपारी दादाच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात, त्याच्याच कीबोर्डवर टाइप करतात. आणि त्या फायलींमध्ये कोडपेक्षा टिपणंच जास्त, साध्या भाषेत, ओळीवर ओळ. गाभ्यात कोण असं लिहितं? शाळेतली वहीच ती. चाळली आणि बंद केली.

मी म्हटलं ते खेळणं. बाईंनी म्हटलं की चालतं.

२० फेब्रुवारी

दोघांना समोर बसवून स्क्रीन दाखवली. "हे कोणी घातलं?"

मास्तरीणबाईंनी दादाकडे पाहिलं. दादा स्क्रीनकडे पाहत होता. "काय आहे हे?" त्याने विचारलं.

"स्क्रिप्ट. गाभ्यात. अकरा ठिकाणी."

"गाभ्यात?" दादाचा आवाज चढला. किती दिवसांनी चढला. "गाभ्यात खेळणी कोणी आणली?"

मला बरं वाटलं, लपवत नाही. मी बाईंकडे वळलो. त्यांचे कान लाल झाले होते. त्या दादाकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी. चुकलं माझं."

मी जे बोललो ते लिहीत नाही. वही घरी होती.

२८ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंनी काम सोडलं. जाताना दादाच्या टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली, त्याला म्हणाल्या, "येते हं." दादा उठून उभा राहिला, फार अदबीने, पाहुण्यांसाठी उठतात तसा. मला म्हणाल्या, "ती टिपणं पुसू नका. निदान एकदा सावकाश वाचा."

शाळा सुटली तरी गृहपाठ देण्याची सवय सुटत नाही.

५ मार्च

दोन वर्षांपूर्वीचा जुना गाभा काढला, अकराही स्क्रिप्ट बाजूला केल्या, तेरा मिनिटं कंपाइल झालं आणि मांडणी चार सेकंदांत! या वहीत आनंद लिहायचा नाही असं ठरलंय, तरी लिहितो. गाभ्याला मी पहिल्यांदा हात लावला आणि तो मोडला नाही. दादाला हाक मारून दाखवलं. "वा," म्हणाला. मग म्हणाला, "बाई आल्या नाहीत का आज?"

टोमणा मारायलाही वेळ साधतो.

१२ मार्च

दादाने असहकार पुकारलाय. सकाळी येतो, गाभा उघडतो, कंपाइल सुरू करतो. स्क्रीनवर ओळी पळत राहतात आणि हा त्यांच्याकडे पाहत बसतो. तेरा मिनिटांनी ते संपलं की थोडा वेळ गोंधळल्यासारखं करतो आणि परत कंपाइल लावतो. काहीही न बदलता. आज मी मोजलं. पाच वेळा. खिशाच्या मांडणीत एक छोटी दुरुस्ती सांगितली होती, ती तशीच आहे. मी विचारलं, "झालं का?" म्हणाला, "होतंय." बाई गेल्याचा राग माझ्यावर असा काढतोय.

२० मार्च

ओरडलो. एवढं की खालच्या मजल्यावरचा छपाईवाला वर बघायला आला. म्हटलं, "तुला काम करायचं नसेल तर घरी बस. बाबांनी खडू शेवटपर्यंत सोडला नाही, तू बाईसाठी गाभा सोडतोस!" दादाने ऐकून घेतलं. म्हणाला, "तू म्हणशील तसं." चष्मा डब्यात घातला, डबा खिशात घातला, परत काढून पाहिला, परत घातला. आणि निघाला.

तीन वाजले होते. वहिनी पाचला यायची. पाण्याची बाटली भरायला बाहेर गेलो तर हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेला. घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. मी म्हटलं, नाटक पुरे, जा घरी. तो म्हणाला, "ती येईल ना?" मी आत आलो. दार जरा जोरात लागलं.

२४ मार्च

दादा येत नाही. वहिनी फोनवर म्हणाली, "बरं नाही त्यांना." काय होतंय, तर म्हणे, "थकलेत." मीही थकलोय. मला कोणी घरी बसवत नाही.

१० एप्रिल

शर्टवाल्यांना नवी आवृत्ती दिली. ठरल्या तारखेला, एकट्याने. दादाला फोन केला नाही. तोही करू शकला असता.

१६ एप्रिल

शर्टवाले फोनवर ओरडले नाहीत. म्हणाले, "साहेब, एकदा येऊन बघा." गेलो. चौकडीच्या कापडाचे सहाशे शर्ट बेतून पडलेले. खिसा ठेवला की चौकडीची उभी रेघ शर्टावर एकीकडे आणि खिशावर दुसरीकडे. सहाशेच्या सहाशे. त्यांचे कटिंग मास्तर म्हातारे आहेत. एक खिसा हातात धरून मला म्हणाले, "तुमचे मोठे बंधू असं होऊ देत नाहीत."

चौकडी जुळवण्याची सोय जुन्या गाभ्यात नव्हतीच. ती गेल्या दोन वर्षांत आली. म्हणजे त्या अकरांपैकी कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये होती. मी तिला खेळणं म्हणून उचलून बाहेर ठेवलं होतं.

१७ एप्रिल

ऑफिसात कोणी नव्हतं. जुन्या नोंदींतून त्या फायली काढल्या आणि वाचायला बसलो. सावकाश, बाई म्हणाल्या होत्या तसं. इथे उतरवून ठेवतो.

"हा भाग चौकडी जुळवतो. खिशाची रेघ खालच्या रेघेवर बसली पाहिजे. बाबा आधी खिसा ठेवून बघायचे, मग खडू उचलायचे. तसंच कर."

बाबा. मास्तरीणबाईंनी आमच्या बाबांना पाहिलेलं नाही.

"इथे दोनने का गुणलंय: शिलाईसाठी कापड दोन्ही बाजूंना सोडायचं असतं म्हणून. हे शोधायला काल सबंध सकाळ गेली. आता लिहून ठेवलंय. परत शोधू नकोस."

"ही ओळ तूच लिहिलीस. बरोबर आहे. घाबरून बदलू नकोस."

"बाईंनी चूक दाखवली तर रागावू नकोस. त्यांना माहीत आहे."

"जाड आवाजाचा फोन म्हणजे शर्टवाले. हो हो म्हणायचं आणि फोन धाकट्याला द्यायचा."

धाकटा म्हणजे मी. घरात मला त्याच नावाने हाक मारायचे.

एका फायलीच्या अगदी वर, चार फेब्रुवारीची नोंद: "शर्टवाल्यांची तारीख १० एप्रिल. धाकट्याला विचारू नकोस. काल तीनदा विचारलीस. तो चिडतो."

मी या वहीचं पहिलं पान उघडून पाहिलं. तीन फेब्रुवारी. सकाळी, जेवणानंतर आणि चार वाजता.

शेवटच्या फायलीत शेवटी: "धाकट्याला यातलं काही कळू द्यायचं नाही. गाभा म्हणजे मी असं त्याला वाटतं. त्याला तसंच वाटू दे."

पुढचं आज लिहवत नाही.

१८ एप्रिल

आधी मास्तरीणबाईंच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाचलंत." मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"डॉक्टरांनी त्यांना नाव सांगितलं ना आजाराचं, त्याच आठवड्यात मला बोलावलं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, बाई, मला शिकवा. कठीण भाषा माझ्या हातून सुटतेय, सोपी शिकवा. मी म्हटलं, सर, गाभा तुमचा आहे, मी काय शिकवणार? तर म्हणाले, ती तेरा मिनिटं आहेत ना, तेवढ्यात निसटतं हो माझं. एक ओळ बदलतो, कंपाइल लावतो, आणि ते होईपर्यंत मी काय बदललं, कशासाठी बदललं, सगळं जातं. स्क्रिप्टमध्ये लिहिलं की लगेच दिसतं. हात अजून गरम असतो."

मला तो दिवस आठवला. पाच वेळा कंपाइल. मी मोजत बसलो होतो.

"रोज सकाळी आधी सगळी टिपणं वाचायचे, तासभर. मग दोन-तीन तास अगदी पूर्वीसारखे. चौकडीचं काम त्यांनी स्वतः केलंय. मी फक्त शेजारी बसायचे. प्रोग्राम संथ झाला हे त्यांना माहीत होतं. म्हणायचे, मीही झालोय."

"मग त्या दिवशी तुम्ही..."

"त्या दिवशी त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांच्यासमोर कसं सांगणार होते मी, की सर, ही खेळणी तुमचीच आहेत?"

तिथून वहिनीकडे. ती स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. मी म्हटलं, "वहिनी, मला का नाही सांगितलंस?" म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, कळलं तर तो मला खुर्चीत बसवून ठेवेल आणि सगळं स्वतः करेल. मला थोडं करू दे." मग ताट खाली ठेवून म्हणाली, "त्या जिन्यात दोन तास बसले होते रे ते. मी आले तेव्हा म्हणाले, आत कोणीतरी रागावलंय, आपण हळू बोलू या."

मी तिच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. राग असता तर लिहिता आला असता.

दादा बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसला होता. मला बघून हसला, ओळखीचं. पण कोण ते त्याला उमगलं नसावं.

२२ एप्रिल

अकराही स्क्रिप्ट गाभ्यात परत घातल्या. शर्टवाल्यांना सांगितलं, एका मांडणीला बावन्न सेकंद लागतील, पण चौकडी जुळेल. ते म्हणाले, "जुळू दे. चहा पिऊ." एका ओळीलाही वेग यावा म्हणून मी हात लावला नाही. मास्तरीणबाई सोमवारपासून येतायत. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, तर म्हणाल्या, "कुंडीला पाणी घालतं का कोणी?"

वहिनीला विचारलं, त्याला आणू का परत? सकाळचे दोनच तास. ती म्हणाली, पाच आठवडे सुटलंय. डॉक्टर म्हणतात, त्यांचं जे रोज चालू होतं त्यावरच ते उभे होते. एकदा सुटलं की परत येत नाही. हे तिने मला लागेल असं सांगितलं नाही, भाजीला मीठ घालता घालता सांगितलं.

सुटलं नव्हतं. मी सोडवलं होतं.

५ मे

आज मी स्वतः त्याला घेऊन आलो. जिन्यात हात धरून. त्याच्या खुर्चीत बसवलं, डावीकडे मी बसलो, उजवीकडे बाई. पेन्सिल जागेवर होती. चौकडीची फाईल उघडली. एका खिशाचं काम त्याच्यापुढे ठेवलं, आकडा बदलायचा आणि बघायचं, एवढंच. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. त्याचा हात कीबोर्डवर गेला, आणि एक क्षण मला वाटलं की झालं. मग हात तिथेच राहिला. बाईंनी स्वतः बटण दाबलं. स्क्रीनवर खिसा सरकून रेघेवर बसला. "जुळलं," दादा म्हणाला. त्याला आनंद झाला होता, दुसऱ्याचं काम आवडल्यावर होतो तसा.

मग तो वरपासून टिपणं वाचायला लागला, मोठ्याने, एकेका शब्दावर थांबत. "बाबा आधी खिसा ठेवून बघायचे." माझ्याकडे वळून म्हणाला, "छान लिहिलंय. कोणी लिहिलं?"

"माझ्या दादाने," मी सांगितलं.

"हुशार दिसतो."

"फार."

वाचता वाचता तो पुढच्या फायलीतल्या, शर्टवाल्यांच्या तारखेच्या नोंदीपाशी आला. परवा मी त्या फायलीत एकच बदल केला होता. नियमाप्रमाणे त्याच्या मशीनवरून, त्याच्या नावाने. 'धाकट्याला विचारू नकोस' ही ओळ काढली आणि तिच्या जागी लिहिलं: 'काहीही विचारायचं असेल तर धाकट्याला विचार. कितीही वेळा.'

दादाने ती ओळ दोनदा वाचली. मग खोलीभर नजर फिरवली. दारापर्यंत पाहिलं. आणि मला म्हणाला, "धाकटा आज आला नाही का?"

"आलाय, दादा."

"बरं झालं," म्हणाला आणि पुन्हा वाचायला लागला.

अकरा वाजता वहिनी न्यायला आली, तोवर त्याने हे चार वेळा विचारलं. चारही वेळा सांगितलं.